सत्तावीस, एकोणतीस आणि मध्येच वाजणारा फोन

वाचकाचं पत्र, थोडक्यात : बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये अकाउंट्स बघणाऱ्या, वडगावात राहणाऱ्या ३९ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र. हे काम त्या बरीच वर्षं करताहेत. गेली दोन वर्षं मात्र कामात लक्ष लागत नाही. आकडे उलटसुलट पडतात, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरसमोर बसल्यावर आपण काय करत होतो हेच आठवत नाही. ग्राहकांचे फोन, गेटवरच्या गाड्या, साहेबांच्या हाका चालूच असतात. दोन वर्षांपूर्वी डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करणं, बघणारा मुलगा पुण्याला गेला आणि ते कामही त्यांच्याकडे आलं. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या पार्टीच्या बिलावर, परराज्यातल्या विक्रीला लागणाऱ्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला. गाडी निघून गेल्यावर ते लक्षात आलं आणि साहेब सगळ्यांसमोर बोलले. ध्यानाचं ॲप वापरून पाहिलं, पण दोन मिनिटांत मन भरकटतं म्हणून सोडून दिलं. नणंदेनं ब्राह्मीच्या गोळ्या आणून दिल्यात. झोप पाच-साडेपाच तास. त्यांची आई वडगावातच मागावर काम करायची. पाठमोरी असतानाही धागा तुटल्याचं तिला कळायचं. 'तिची एकाग्रता माझ्यात का आली नाही? मला काही आजार तर नाही ना? नोकरी सोडून द्यावी का?' असं त्या विचारतात.

ताई,

पत्र वाचताना मी त्या डिस्पॅचच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात आणि नंतरची दोन पानं स्वतःच्या मनाला दोष देण्यात खर्ची घातलीत. लक्ष लागेनासं झालं त्याला दोन वर्षं झाली. डिस्पॅच अंगावर पडलं त्यालाही दोनच वर्षं झाली. या दोन गोष्टी तुम्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहिलेल्या दिसत नाहीत. तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर मला तिथेच दिसतं.

आणखी एक गोष्ट. हे पत्र तुम्ही रात्री, घर झोपल्यावर, एका बैठकीत लिहिलंत असं म्हणता. पत्र नीट आहे. घटना क्रमाने आल्या आहेत, तारखा जुळतात, कुठेही धागा सुटलेला नाही. जिचं लक्षच हरपलंय तिच्या हातून असं पत्र होत नाही. रात्री साडेदहाला जमतं ते सकाळी अकराला जमत नसेल, तर मनाकडे बोट दाखवण्याआधी सकाळी अकराला टेबलाभोवती काय काय चाललेलं असतं ते पाहायला हवं.

तुम्हीच वर्णन केलेली सकाळ पुन्हा मांडते. खरेदीचं बिल चढवताय, तेवढ्यात हुबळीच्या पार्टीचा फोन येतो, कन्नडमध्ये. तो ठेवेपर्यंत गेटवर गाडी लागते आणि ड्रायव्हर हिंदीत घाई करतो. चलन काढायचं, मालासोबत लागणारं ऑनलाइन ई-वे बिल काढायचं. साहेब आतून विचारतात, कोल्हापूरचं पेमेंट आलं का? टेबलावर एक नोटीस पडलेली असते, पूर्ण कन्नडमध्ये. शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, त्यामुळे ती अक्षरं लावत वाचावी लागते. मग पुन्हा स्क्रीनकडे वळायचं, आणि स्क्रीन इंग्रजीत. अशा वेळी 'मी काय करत होते?' असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडेल, तुमच्या साहेबांनाही पडेल.

यावर अभ्यास झालेले आहेत. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवून दिलं, की एखादं काम अर्धवट टाकून दुसरं हातात घेतलं, तर मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम तेवढं कच्चं होतं. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात एक वेगळीच गोष्ट दिसली. मध्येमध्ये अडवलेल्या लोकांनी काम वेळेत उरकलं, उलट थोडं लवकरच. पण त्यासाठी त्यांनी वेग वाढवला आणि त्यांचा ताण, चिडचिड, दमणूक वाढली. तुम्ही लिहिता, 'काम वेळेत होतं, पण घरी आल्यावर कुणी बोललेलंही सहन होत नाही.' याचं कारण हेच. वेळेत झालेलं काम साहेबांना दिसतं, त्याची किंमत घरच्यांना मोजावी लागते.

आपल्या सीमाभागात यात आणखी एका गोष्टीची भर पडते आणि ती कुणी मोजत नाही. म्यूटर आणि ऑलपोर्ट यांनी १९९९ मध्ये दोन भाषा येणाऱ्या माणसांना आकडे मोठ्याने वाचायला लावले, कधी एका भाषेत, कधी दुसऱ्या. भाषा बदलली की वेग मंदावायचा. रुळलेल्या भाषेत परतताना तर तो जास्तच मंदावायचा. प्रयोग साध्या आकड्यांचा होता, ताई, आणि तुमचं अख्खं काम आकड्यांचं आहे. शिवाय मराठीत आपण एकक आधी बोलतो. त्रेसष्टमधला तीन आधी कानावर पडतो, साठ नंतर. कन्नडमध्ये अरवत्तमूरु म्हणताना साठ आधी येतो, इंग्रजीतही तसंच. फोनवर कोल्हापूरकराने 'त्रेसष्ट' म्हटलं आणि त्याच्या आधी तासभर तुम्ही कन्नड-इंग्रजीत असाल, तर हातून ३६ टाइप होणं अगदी शक्य आहे. त्यामुळे फोनवर कोणताही नंबर घेताना आकडा-आकडा सुटा मागा : 'सहा, तीन' असं. नंतर तो सुटाच परत वाचून दाखवा. समोरच्याला विचित्र वाटलं तर वाटू दे, दोन दिवसांत सवय होते.

ज्या चुकीवरून तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं तीही सीमेवरचीच. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात : २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. पुण्यातल्या अकाउंटंटना जास्त करून २७ ने सुरू होणारेच नंबर दिसतात. आपल्याकडे निपाणीची पार्टी २९ आणि तिथून जरा पुढे गेलं की कागलची २७. दोघंही मराठीत बोलतात, दोघंही तितक्याच जवळचे वाटतात, पण एकाच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी आणि दुसऱ्याच्या बिलावर आयजीएसटी. त्यात गोव्याचा ३०. ओळखीच्या पार्टीचं बिल निम्म्या लक्षाने करताना इथे पाय घसरणार, हे ठरलेलंच.

आता तुमच्या आईविषयी. त्या बाईंच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तुलना करायचीच तर पुरती करा. तिने दोन-तीन माग एका वेळी सांभाळले असतील, तरी काम एकच होतं. मागांच्या आवाजात तिला हाक मारूनही उपयोग नसायचा. माग चालू असताना तिला कुणी 'तेवढं बिल काढ' म्हटलं नाही, तिच्या खिशात फोन नव्हता. तिचं कसब खरंच होतं, आणि त्या कसबाला सलग वेळ मिळत होता. तुम्हाला तो मिळत नाही. आणि संध्याकाळी घरी आल्यावर ती किती दमलेली असायची, हेही आठवून पाहा.

मग करायचं काय? लक्ष वाढवायचे उपाय सगळे सांगतात. मला वाटतं, आधी लक्ष कुठे-कुठे खर्च होतंय ते पाहावं आणि ते खर्च कमी करावेत. विमान चालवणाऱ्यांनी हेच केलं. १९७४ मध्ये अमेरिकेत शार्लट इथे एक विमान उतरताना कोसळलं. उतरण्याच्या वेळी वैमानिक इकडच्या-तिकडच्या गप्पा मारत होते असं चौकशीत निघालं. पुढे १९८१ मध्ये तिथे नियम झाला, की १०,००० फुटांच्या खाली, म्हणजे उड्डाण आणि उतरण्याच्या टप्प्यात, कामाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं किंवा करायचं नाही. एकाग्र व्हा असा उपदेश करून ते थांबले नाहीत, जोखमीच्या वेळेभोवती कुंपण घातलं.

तुमच्या कामातही अशी जोखमीची वेळ आहे. बिल बनवणं, टॅक्सचा प्रकार निवडणं, ई-वे बिल आणि जीएसटीचं रिटर्न भरणं. इथली चूक महागात पडते. ई-वे बिलात तर गाडीचा तपशील सोडला तर बाकी काही दुरुस्त करता येत नाही; २४ तासांच्या आत रद्द करून नवं काढावं लागतं. फाइल लावणं, पेमेंटसाठी फोन करणं, व्हॉट्सॲपवर आलेल्या पीओ, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, उतरवून घेणं, यात चूक झाली तरी निस्तरता येते. ही दोन प्रकारची कामं सध्या तुमच्या दिवसात एकात एक मिसळली आहेत. ती वेगळी करा. तुमच्याकडे गाड्या बहुतेक दुपारनंतर भरतात असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा सकाळचा पहिला तास जोखमीच्या कामाला ठेवा. त्या तासात ऑफिसचा फोन दुसऱ्याकडे, स्वतःचा ड्रॉवरमध्ये. शाळेचा आणि घरचा नंबर तेवढा वाजेल अशी सोय करता येते. फोन नुसता टेबलावर असला तरी डोकं कमी चालतं, असं २०१७ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. नंतरच्या काही अभ्यासांत तो परिणाम तेवढा ठळक आला नाही. पण ड्रॉवरमध्ये ठेवायला पैसे पडत नाहीत.

हा तास साहेबांकडून मागून घ्यावा लागेल, आणि तुम्हाला सगळ्यात अवघड वाटणार आहे ते हेच. म्हणून आधी एक आठवडा एक कागद जवळ ठेवा. कुणी अडवलं की एक रेघ, पुढे कोण ते : फोन, गेट, साहेब, शॉपमधून. आपणहून मोबाइल उचलला तर त्याचीही रेघ, प्रामाणिकपणे. शनिवारी तो कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये जा. माफी मागायला जायचं नाही. शांतपणे असं काहीतरी म्हणा : 'साहेब, त्या कोल्हापूरच्या बिलासारखं पुन्हा होऊ नये म्हणून मी पाहिलं, बिलं करताना मला किती वेळा उठावं लागतं. साडेनऊ ते साडेदहा मला कुणी हाक मारली नाही तर बिलं बिनचूक होतील. आणि दहा-अकरा तारखेला, एकोणीस-वीस तारखेला डिस्पॅच दुसऱ्या कुणी बघितलं तर रिटर्नमध्ये गडबड होणार नाही.' अकरा तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, पंधराला कामगारांचा पीएफ-ईएसआय, वीसला कर भरायचं ३बी रिटर्न, हे साहेबांनाही माहीत असतं. ज्याला दंड भरावा लागतो तो माणूस अशी गोष्ट ऐकून घेतो. लगेच हो म्हणतीलच असं नाही. महिनाभर करून पाहू, असं म्हणा.

बाकी दिवसभर लोक अडवणारच. त्यासाठी एक छोटी सवय लावा. उठण्याआधी चिठ्ठीवर चार शब्द खरडा, पुढची पायरी काय ती : 'बिल ४१२, एचएसएन (मालाचा कोड) बघायचा.' लरॉय यांच्याच २०१८ च्या अभ्यासात, काम सोडताना परतल्यावर काय करायचं ते पटकन लिहून ठेवलेल्यांचं मन मागच्या कामात कमी अडकलं. ड्रायव्हर तेवढे पाच सेकंद थांबतो.

आणि बिल सेव्ह करण्याआधी बोट लावून मोठ्याने म्हणा : 'पहिले दोन आकडे सत्तावीस. महाराष्ट्र. आयजीएसटी.' जपानच्या रेल्वेत चालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्याने उच्चारतात. आपल्या रेल्वेतही लोको पायलट आणि सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना बोलून दाखवतात. डोळा ओळखीच्या गोष्टीवरून घसरतो. हात आणि तोंड सोबत लावलं की त्याला थांबावं लागतं. ऑफिसमध्ये कुणी हसेल, पण महिनाभरात तेही करायला लागतील.

हे सगळं करूनही एक गोष्ट सुटली तर उपयोग नाही. झोप. २००३ मध्ये व्हॅन डाँगेन आणि सहकाऱ्यांनी काही लोकांना सलग १४ रात्री सहा तासच झोपू दिलं. शेवटी लक्षाच्या चाचण्यांत ते दोन रात्रींपर्यंत अजिबात न झोपलेल्या माणसांइतके खाली आले होते. आपली अवस्था इतकी झालीय, हे त्यांना स्वतःला मात्र जाणवत नव्हतं. तुमची झोप त्याहून कमी आहे. तुम्ही लिहिता की मुलाचा दहावीचा अभ्यास संपेपर्यंत जागी असते आणि पाणी येणार असेल त्या पहाटे चारला उठते. सोळा वर्षांच्या मुलाला अभ्यास करताना शेजारी आई जागी लागते का? त्यालाच विचारा, कदाचित त्यालाही ते नको असेल. आणि पहाटेचं पाणी नेहमी तुम्हीच का भरायचं? पत्रात तुमच्या मिस्टरांचा उल्लेख फक्त 'ते समजूतदार आहेत' एवढाच आहे. समजूतदार माणसाला आठवड्यातून निम्म्या वेळा पंप चालू करता येतो. इथे मी थोडं कठोर बोलतेय, पण बाईच्या झोपेला घरात सगळ्यात कमी भाव असतो, हे मला अजिबात मान्य नाही.

आजाराच्या शंकेबद्दल. एकदा फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या. या तिन्हींत कमी-जास्त झालं की डोकं जड होतं, विसरायला होतं. बायका वर्षानुवर्षं ते 'माझंच चुकतंय' म्हणून सोसतात. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. पाळीला जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, संकोच करू नका. जेवणाला लागून चहा घेत असाल तर तो तासभर लांबवा, चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. ब्राह्मीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका.

ज्यांना लहानपणापासूनच, शाळेतही, एका जागी लक्ष टिकवता आलं नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावं, मोठेपणीही एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराचं, निदान होतं आणि उपचार आहेत. मन सतत उदास राहणं, आवडीच्या गोष्टीतही रस न उरणं, याच्यासोबत लक्ष लागत नसेल, तरीही तेच. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आपल्याला लांब नाही, आणि १४४१६ या टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही. तुमच्या पत्रात मला तसं काही ठळक दिसलं नाही, पण साहेब बोलले त्या दिवसानंतर रोज रात्री रडू येत असेल आणि तुम्ही ते लिहायचं टाळलं असेल, तर हा नंबर तुमच्यासाठीही आहे.

ध्यानाचं म्हणाल तर मन दोन मिनिटांत भरकटलं म्हणून तुम्ही ते सोडलंत. मन भरकटणारच. भरकटलंय हे कळणं आणि त्याला परत आणणं, हाच तर तो व्यायाम. तुम्ही नापास झाला असं समजून बसलात, तेव्हा खरं तर तो सुरू झाला होता. आवडत असेल तर दहा मिनिटं करा. पण डिस्पॅचचं ओझं ध्यानाने हलकं होणार नाही, ती अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

उद्यमबाग-मच्छेच्या शॉपमध्ये इन्स्पेक्शनला बसणाऱ्यांनाही एक सांगायचंय. तुमची अडचण या ताईंच्या उलट आहे. तुम्हाला कुणी अडवत नाही, तासन् तास एकच जॉब गेजवर, म्हणजे मापाच्या साधनावर, लावायचा असतो आणि शंभरातला एखादाच खराब निघतो. रडार बघणाऱ्यांवरच्या कामातून नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये दाखवलं होतं, की अशा क्वचित येणाऱ्या खुणेवर नजर ठेवताना पहिल्या अर्ध्या तासातच माणसाची पकड ढिली होते. हा आळस नाही. सुपरवायझरशी बोलून अर्ध्या-पाऊण तासाने जागा बदलून घ्या, इन्स्पेक्शनचा माणूस पॅकिंगला आणि पॅकिंगचा इन्स्पेक्शनला. खानापुरात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांनीही झोप आणि फोन या दोन परिच्छेदांकडे परत यावं, बाकीचं नंतर.

राहिला नोकरीचा प्रश्न. 'मी कुचकामी झालेय' या समजुतीने राजीनामा देऊ नका, कारण ते खरं नाही, आणि ती समजूत घेऊन गेलात तर पुढच्या ठिकाणीही भीत-भीत काम कराल. तीन महिने द्या. तेवढ्यात तास मिळाला, डिस्पॅचला माणूस आला, झोप सहाच्या वर गेली, तर काय फरक पडतो ते तुम्हालाच दिसेल. आणि साहेबांनी तासही दिला नाही, माणूसही दिला नाही, तर मात्र दुसरीकडे खुशाल बघा. टॅली, जीएसटी, पीएफ आणि डिस्पॅच सगळं येणारी, तीन भाषांत पार्टी सांभाळणारी बाई उद्यमबागेतल्या दुसऱ्या कारखान्यालाही हवी असते आणि टिळकवाडीतल्या सीएंच्या ऑफिसलाही. तिथे पगाराचं बोलणं करण्याआधी, बिलं करणाऱ्यानेच गेटवरच्या गाड्याही बघायच्या असतात का, हे विचारून घ्या.